उजव्या बाजूची जागा

अठरा सामन्यांत अकरा गोल. त्यांतले चार पेनल्टीचे, आणि एक तर विरोधी संघाच्या बचावपटूने गोंधळून आपल्याच जाळ्यात मारलेला. उरलेल्या सहा गोलांसाठी अल-नखला फुटबॉल क्लबच्या आघाडीच्या फळीने सप्टेंबर ते मे असा अख्खा हंगाम धावाधाव केली होती. ही आकडेवारी शिरीष खांबेटेने कोणी न मागता काढून कॅप्टन जासिमच्या टेबलावर ठेवली, तेव्हा जासिमने कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला आणखी काही गोल सापडतील अशी त्याची आशा असावी.

“मागच्या वर्षी आमच्याविरुद्ध खेळताना गोलकीपर लोक बसायला खुर्ची घेऊन यायचे,” तो म्हणाला, “ते तू लिहिलं नाहीस.”

“खुर्च्या मोजल्या नव्हत्या,” शिरीष म्हणाला.

जासिम हा क्लबचा प्रशिक्षक. तिकडे आखातात प्रशिक्षकालाच कॅप्टन म्हणतात. तरुणपणी तो स्वतः गोलकीपर होता, आणि मनामाच्या बाजारात भारतीय दुकानदारांमध्ये वाढल्यामुळे शिरीषशी अस्खलित हिंदीत बोले. शिरीष क्लबचा फिजिओथेरपिस्ट. मुंबईत शिकलेला, चव्वेचाळीस वर्षांचा, बहरीनमध्ये अकरावे वर्ष. खेळाडू त्याला डॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही हे त्याने पहिले वर्षभर प्रत्येकाला समजावून सांगितले आणि मग नाद सोडून दिला. जे मोजता येत नाही त्याविषयी बोलायचे नाही आणि जे मोजले आहे ते कोणासाठी बदलायचे नाही, या दोन नियमांवर त्याचा व्यवसाय उभा होता. एखादा खेळाडू गुडघ्याला मंतरलेला दोरा बांधून आला तर तो हसत नसे. दोरा सोडून बाजूला ठेवी, मोजमाप घेई आणि दोरा पुन्हा जसाच्या तसा बांधून देई.

१९९७ सालच्या त्या मे महिन्यात क्लब गुणतक्त्यात तळाला आला होता आणि खालच्या विभागात जाणार हे ठरलेले होते. पण त्याच सुमारास दुसरा एक क्लब बंद पडला, एक जागा रिकामी झाली आणि अल-नखला वरच राहिला. बंद पडलेल्या क्लबचे खेळाडू उरलेल्यांनी वाटून घ्यायचे ठरले, तेव्हा निवडीचा पहिला मान सर्वांत तळाच्या क्लबला मिळाला. जासिम याला अल्लाची मेहेरबानी म्हणे. शिरीषच्या मते ती साधी वजाबाकी होती.

क्लबचे नवे अध्यक्ष अबू मन्सूर यांनी उन्हाळ्यातच जाहीर केले होते की बचाव आहे तसा राहील, आघाडीची फळी मात्र नवी बांधायची. तीन माणसे हवी होती. डाव्या बाजूसाठी जासिमने बंद पडलेल्या क्लबातून पहिल्याच निवडीत खालिद नावाचा चपळ पोरगा उचलला. मध्यभागासाठी एक उंच सुदानी आला. शेजारच्या देशातला त्याचा करार संपला होता आणि तो मोकळा होता. राहिली उजवी बाजू. तिथे गेली सात वर्षे ताहिर खेळत होता. त्या सहा गोलांपैकी चार त्याचे होते आणि तेही डिसेंबरच्या आतले. कारण डिसेंबरात त्याच्या उजव्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला हंगाम त्याने कुबड्या, मग काठी, मग शिरीषच्या टेबलावर पालथे पडून घालवला.

ताहिरचा जन्म मनामाचा. वडील फारुख मुकादम दापोली तालुक्यातल्या हर्णैचे, एका जहाज कंपनीत कारकून. बापाचा पासपोर्ट भारताचा म्हणून मुलाचाही भारताचा, आणि म्हणून लीगच्या कागदोपत्री तो परदेशी. प्रत्येक क्लबला परदेशी खेळाडू दोनच ठेवता येत. सुदान्याने एक जागा घेतली होती, दुसरी ताहिरची. मैदानावर तो स्थानिक पोरांशी त्यांच्याच अरबीत भांडे, आणि तेही भांडण विसरून त्याच्या शिव्यांना दाद देत. त्याचा व्हिसा क्लबच्या नावावर होता. व्हिसावर ‘भांडारपाल’ असे लिहिलेले असे आणि क्लबच्या भांडारात चौदा चेंडू व एक पंप एवढाच माल होता. थोडक्यात, ताहिरचा उजवा गुडघा चालला तर करार, करार असला तर व्हिसा, आणि व्हिसा असला तर तो, त्याची बायको अजरा व पाच वर्षांची जिकरा बहरीनमध्ये. यांतली एकही कडी दुसरीवाचून टिकणारी नव्हती, आणि हे क्लबमध्ये सर्वांनाच ठाऊक होते.

फारुख मुकादमांशी शिरीषचा संबंध क्लबच्या आधीपासूनचा. अकरा वर्षांपूर्वी तो आणि हेमा दोन बॅगा घेऊन विमानतळावर उतरले तेव्हा उम्म अल हस्समला दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून देणारे, घरमालकाशी अरबीत घासाघीस करणारे आणि पहिल्या शुक्रवारी सांदणांचा डबा घेऊन दारात उभे राहणारे फारुखच. “रत्नागिरीकडचा मानूस इथं आपल्याच घरचा,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. शिरीष मूळचा गुहागरचा, पण वाढला पुण्यात. हर्णै त्याने पाहिलेही नव्हते. तरी डबे येत राहिले. ताहिरचे ऑपरेशन झाल्यावरही आले. त्या दिवसापासून मात्र शिरीषला ते डबे जड वाटू लागले. त्याने एकदा हेमाला सांगितले, की आता त्यांच्याकडून काही घेत जाऊ नकोस.

“का?” हेमा म्हणाली.

“उद्या मला त्याच्या गुडघ्यावर सही करायची आहे.”

“म्हणजे? सांदण खाल्लं की हात थरथरतो का तुझा?”

 डबा त्या आठवड्यात परत गेला. धुऊन, आणि रीत मोडू नये म्हणून आत साखर घालून.

हंगामाआधीची शारीरिक चाचणी शिरीषने स्वतः बांधली होती आणि तिचा त्याला रास्त अभिमान होता. एका पायावर उभे राहून पुढे उडी मारायची आणि त्याच पायावर स्थिर उतरायचे. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यांची सरासरी. दुखावलेल्या पायाची उडी धडधाकट पायाच्या निदान पंचाऐंशी टक्के भरली पाहिजे. पण माणसाचा पाय म्हणजे लोखंडी दांडा नव्हे. आज एक आकडा येतो, परवा दुसरा. म्हणून त्याने आणखी एक नियम केला होता. निकाल पंचाऐंशीच्या अलीकडे वा पलीकडे तीन टक्क्यांच्या आत पडला तर तो निकाल धरायचा नाही. दोन दिवस विश्रांती द्यायची आणि चाचणी पुन्हा घ्यायची. शिवाय पहिल्या उडीआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, की काल दिवसभर काय केलेस? उत्तर तक्त्याच्या पहिल्या चौकोनात लिहायचे. थकलेला पाय मोजून काही कळत नाही, असे त्याचे म्हणणे.

खालिदची चाचणी आधी झाली. त्याच्या डाव्या घोट्याची जुनी दुखापत होती. शंभराला त्र्याऐंशी आले. काल काय केलेस, या प्रश्नावर त्याने लाजत सांगितले की मामेभावाच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचलो. सगळे हसले. शिरीषने ते इमानेइतबारे लिहून घेतले, दोन दिवसांनी पुन्हा बोलावले, आणि तेव्हा एकोणनव्वद आले. खालिद पास झाला आणि डावी बाजू भरली.

ताहिरची पाळी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी सहाला होती. ऊन वर यायच्या आत आटपावे म्हणून शिरीषने वेळ तशी ठेवली होती. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पट्टीवर त्याने फीत अंथरली. जासिम हजर होताच. पण त्या दिवशी अध्यक्षसाहेबही आले. पायघोळ पांढरा शुभ्र थोब, हातात जपाची माळ, चेहऱ्यावर लवकर उठावे लागल्याची नाराजी. त्यांच्या खिशात एका मोरोक्कन खेळाडूचा फोटो होता. तोही मोकळा होता, उजव्या बाजूचा होता, आणि सोमवारी विमानाने यायला तयार होता. जागा एकच होती.

ताहिर बूट सोडून उभा राहिला. डोळे जरा ओढलेले होते. शिरीषने पेन काढले, तोच अबू मन्सूर जासिमला हिंदीत, म्हणजे शिरीषला कळेल अशा बेताने म्हणाले, “हा याच्या मुलखाचा ना? आता बघ, पास होईपर्यंत उड्या मारायला लावील.”

जासिम हसला. ताहिरही हसला, अशा चेष्टांवर हसण्यात त्याचा जन्म गेला होता. शिरीष हसला नाही.  काल काय केलेस, हा प्रश्न जिभेवर आला होता. पण त्या क्षणी तो विचारणे म्हणजे सबब शोधून देणे दिसेल असे त्याला वाटले. चौकोन तसाच सोडून तो म्हणाला, “चल. डावा आधी.”

डाव्या पायाची सरासरी एकशे एक्क्याऐंशी सेंटिमीटर भरली. उजव्याची एकशे एक्कावन्न. शेवटच्या उडीला ताहिर उतरला तेव्हा पोटरी थरथरत होती. शिरीषने भागाकार केला. त्र्याऐंशी पूर्णांक चार.

“किती?” जासिमने विचारले.

“त्र्याऐंशी.”

“मग परवा परत?”

हा प्रश्न जासिमने सरळ मनाने विचारला होता. त्याला नियम पाठ होता, खालिदच्या वेळी त्याने तो पाहिला होता. शिरीषला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. पण अध्यक्षांची माळ थांबली होती आणि ते भुवई उंचावून पाहत होते. शिरीषच्या मनात एकच विचार आला, की या एका माणसाच्या बाबतीत आपला कागद कोणालाही वाकडा दिसता कामा नये.

“गरज नाही,” तो म्हणाला. आणि खाली लिहिले, या हंगामासाठी पात्र नाही. सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

ताहिरने बूट चढवले, नाड्या नीट बांधल्या. “शुक्रन, डॉक्टर,” म्हणाला आणि भांडाराच्या किल्ल्या जासिमच्या हातात देऊन निघून गेला.

त्या दिवशी घरी जाताना शिरीषला वाईट वाटत होते, पण त्या वाईट वाटण्यात थोडे समाधानही मिसळलेले होते. अवघड काम नेकीने केल्याचे ते समाधान होते. सीफच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, क्रेनच्या माना आभाळात वळत होत्या, आणि तो मनाशी म्हणत होता की दुसऱ्या कोणी हे केले नसते.

सोमवारी मोरोक्कन आला. त्याच संध्याकाळी करारावर सह्या झाल्या, मंगळवारी नाव लीगकडे गेले आणि क्लबने ताहिरचा व्हिसा रद्द करण्याचा अर्ज टाकला. देश सोडायला महिना मिळणार होता.

मंगळवारी संध्याकाळी हेमा भाजी निवडत बसली होती. ती एका भारतीय शाळेत लहान मुलांच्या वर्गावर शिकवायची आणि जिकरा तिच्याच वर्गात होती.

“अजरा आली होती आज,” ती म्हणाली. “शाळेचा दाखला किती दिवसांत मिळतो, विचारत होती.”

“हं.”

“जिकरा मला म्हणते, मिस, इन इंडिया विल माय फ्रेंड्स कम? काय सांगू तिला?”

“हेमा, तो गुडघा तयार नाही. मी काही करू शकत नाही.”

“मी कुठे म्हटलं तू काही कर?” तिने मेथीची जुडी झटकली. “अजराने एवढंच सांगितलं, की त्याने आदल्या दिवशी मयतीला जायला नको होतं. तीच म्हणत होती, मी नको म्हटलं पण ऐकलं नाही.”

“कसली मयत?”

“उस्मान मेस्त्री गेले ना शुक्रवारी. हर्णैचे. इथे एकटेच होते, मागे ना पोर ना बाळ. जुम्म्याच्या नमाजनंतर लगेच नेलं. चार-सहाच धट्टीकट्टी माणसं होती, बाकी सगळे म्हातारे. ताहिरने शेवटपर्यंत खांदा दिला, मग माती लोटायलाही तोच. दोन तास त्या उन्हात फावडं मारत होता म्हणे. रात्रभर पायांत गोळे येत होते. तुला ठाऊक नव्हतं?”

शिरीष उठला. कपाटातून क्लबची फाइल काढली आणि ताहिरचा तक्ता काढून दिव्याखाली धरला. पहिला चौकोन कोरा होता. त्याच्या वरच्या, खालिदच्या तक्त्यात त्याच चौकोनात त्याच्याच रेखीव अक्षरात लिहिलेले होते, लग्नात नाचला, झोप दोन तास.

त्याने ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. हेमाने काय झाले विचारले तेव्हा त्याने सांगितले. तिने दोन्ही कागद वाचले आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. 

दुसऱ्या दिवशी तो जासिमकडे गेला आणि काही न लपवता सांगितले, की चाचणी सदोष होती, दोन ठिकाणी नियम मोडला, पुन्हा घ्यावी लागेल.

जासिमने चष्मा काढून पुसला. “त्या दिवशी मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“तू ‘परवा’ म्हणाला असतास तर मी मोरोक्कन दोन दिवस थांबवला असता. अबू मन्सूर ओरडले असते. ओरडू दे, ते रोजच ओरडतात.” त्याने चष्मा परत लावला. “आता नाव गेलं, शिरीष. दोन परदेशी भरले. खलास. तुझ्या कागदावर मी आजवर कधी शंका घेतली नाही. त्या दिवशीही घेतली नाही.”

यात टोमणा नव्हता. असता तर शिरीषला त्याला उत्तर देता आले असते.

शुक्रवारी सकाळी शिरीषने ताहिरला पुन्हा त्या पट्टीवर बोलावले. मैदान रिकामे होते. ताहिर का म्हणून न विचारता आला, आणि यावेळी शिरीषने पहिला प्रश्न विचारला तेव्हा त्याच्याकडे जरा चमकून पाहत म्हणाला, “काल? काय नाय. खोके बांधत व्हतो.”

डावा एकशे चौऱ्याऐंशी. उजवा एकशे अडुसष्ट. एक्क्याण्णव पूर्णांक तीन.

“बरा आला काय?” ताहिरने विचारले.

“चांगला आला,” शिरीष म्हणाला.  त्याने तिथेच बसून नवा अहवाल लिहिला आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या प्रती घेऊन लीगमधल्या उरलेल्या आठही क्लबांची दारे झिजवली. सहा ठिकाणी परदेश्यांच्या जागा भरलेल्या होत्या. सातव्या ठिकाणी सचिवाने दोन अहवाल शेजारी ठेवले आणि विचारले, सही एकच आहे, तर माणूस सहा दिवसांत बरा कसा झाला? शिरीषने थकव्याचे, सरासरीचे, मोजमापातल्या संभाव्य चुकीचे सारे शास्त्र समजावून सांगितले. सचिवाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू. आठव्या क्लबला फक्त गोलकीपर हवा होता.

ताहिर आता मोकळा होता. कोणताही क्लब त्याला घेऊ शकत होता, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि व्हिसाचे नऊ दिवस उरले होते.

निघण्याच्या चार दिवस आधी शिरीष मुकादमांच्या घरी गेला. पत्करलेले काम होत नाही म्हटल्यावर निदान ते कसे बिघडले हे त्यांना सांगायला हवे होते. दारातच पुठ्ठ्याचे खोके रचलेले. फारुख स्टुलावर बसून सुतळीला गाठ मारत होते. त्यांचाही व्हिसा डिसेंबरात संपणार होता आणि बासष्टाव्या वर्षी कंपनी तो वाढवणार नव्हती. पण मुलगा इथे असल्यावर तो आपल्याला ठेवून घेईल, या भरवशावर त्यांनी आजवर काही बांधाबांध केली नव्हती.

“या, डागदर,” ते म्हणाले. “खुर्ची नाय आता. ह्या खोक्यावर बसा. भांडी हायत, काय मोडणार नाय.”

ताहिर आतून आला. शिरीषने बसण्याआधीच सांगायला सुरुवात केली. पहिला प्रश्न, कोरा चौकोन, तीन टक्क्यांचा नियम, खालिद, अध्यक्षांचे वाक्य. सगळे क्रमाने, एखाद्या प्रयोगाचा अहवाल वाचावा तसे. आवाज बदलू नये म्हणून तो वाक्ये लहान ठेवत होता.

ताहिर भिंतीला टेकून ऐकत होता. “मी पन सांगलो नाय,” तो शेवटी म्हणाला. “मयतीचा काय सांगायचा, काका? सबब वाटली असती.”

“तू सांगायचं नव्हतंस. मी विचारायचं होतं.”

“सगल्यांना इचारता?” फारुखांनी मान वर न करता विचारले.

“हो. सगळ्यांना.”

“तो नाचनारा पोरगा, त्याला पन?”

“हो.”

फारुखांनी सुतळी दाताने तोडली. “म्हंजे ताहिर तुमच्या वलखीचा नसता, तर तुमी त्याला इचारला असतात.”

“हो,” शिरीष म्हणाला.

“मंग माझा गुना झाला. मी डबे धाडत व्हतो.”

“अब्बा, बस,” ताहिर म्हणाला. “खलास करा.”

“मी काय भांडतंय काय? इचारला फक्त.” फारुखांनी खोका पायाने बाजूला सरकवला आणि दुसरा ओढला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही आणि पुसलेही नाहीत, हातांना काम होते.

अजराने काळा चहा आणला. कप दोनच उरले होते, बाकीचे बांधून झाले होते. तिने एक शिरीषला दिला, दुसरा सासऱ्यांना. जिकरा एका रिकाम्या खोक्यात बसून वरची झाकणे मिटत आणि उघडत होती. शिरीषने तिच्याकडे पाहिले तसे ती म्हणाली, “अंकल, धिस इज माय एरोप्लेन,” आणि झाकण मिटून घेतले.

“काका, एक काम करा,” ताहिर म्हणाला. “गुडघ्याच्या कसरती लिवून द्या. इथं तुमच्या मशिनी हायत, तिकडं काय नाय. कसा करायचा, किती दिवस, सगला लिवा.”

त्या महिन्यात शिरीषकडे कोणी मागितलेली ती पहिली गोष्ट होती, जी त्याला देता येण्यासारखी होती. त्याने पिशवीतून वही काढली. यंत्राऐवजी वाळूची पिशवी, आधी दोन किलो, दर पंधरा दिवसांनी अर्धा किलो वाढवायचे. भिंतीला पाठ लावून खाली बसणे, दहा मोजेपर्यंत. किनाऱ्यावर चालायचे, पण ओल्या घट्ट वाळूवर. सुक्या वाळूत पहिला महिना पाऊल टाकायचे नाही. त्याने प्रत्येक कसरतीची छोटी आकृती काढली आणि कोणता कोन किती अंशांचा तेही लिहिले.

“असा नेमाने केला तर?” ताहिर वाकून पाहत होता.

“सहा महिन्यांत दोन्ही पाय सारखे. मग खेळायला हरकत नाही.”

“कुनाकडून?”

त्याने हे कडवटपणाने विचारले नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते, तिकडे काय असते ते. शिरीषला तिथला एकही संघ ठाऊक नव्हता. त्याने खाली पाहून पुढची ओळ लिहिली, जिना चढउतार, वीस पायऱ्या, दिवसातून तीनदा.

“घराला जिना नाय, काका.”

“बरं.” शिरीषने ती ओळ खोडली. “मग दाराशी पायरी असेल. तिच्यावर चढायचं, उतरायचं. किती उंच आहे पायरी? आठ इंचांहून जास्त असेल तर सुरुवातीला नको.”

ताहिर विचारात पडला. तो हर्णैला तीनदाच गेला होता, शेवटचा बाराव्या वर्षी. “अब्बा,” त्याने विचारले, “आपल्या घराची पायरी केवढी हाय?”

फारुखांनी कप खाली ठेवला आणि तळहात जमिनीपासून वर धरला. जरा थांबले. मग तो थोडा वर नेला, मग पुन्हा खाली आणला.

शिरीष वही उघडी धरून वाट पाहत राहिला.

“एवढी असल,” फारुख म्हणाले, आणि हात तसाच धरून अजराकडे, मग ताहिरकडे पाहू लागले, त्यांच्यापैकी कोणाला नक्की आठवते का म्हणून.